दिवाणखान्यातील गेमिंग संगणक : वॅट किती लागतात आणि पैसे कुठे जातात?

गेमिंग संगणक म्हटला की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर मुलांच्या खोलीतील टेबल, त्याखालची भलीमोठी पेटी आणि तिच्यातून चमकणारे रंगीत दिवे उभे राहतात. मोठ्या पडद्याचे टीव्ही घरोघरी आल्यापासून मात्र हा संगणक दिवाणखान्यात सरकू लागला आहे. टीव्हीखालच्या कपाटात मावेल एवढी आडवी पेटी, हातात वायरलेस कंट्रोलर आणि सोफ्यावर बसून खेळ, अशी मांडणी अनेकांना हवी असते. ती करताना प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर महिनाभर चर्चा होते. या साऱ्यांना वीज पुरवणारा डबा, ज्याला बाजारात सर्रास ‘एसएमपीएस’ म्हणतात, तो मात्र अंदाजपत्रकात उरलेल्या पैशांतून घेतला जातो. हा क्रम महागात पडू शकतो. हलका एसएमपीएस जळताना बहुधा एकटा जळत नाही. मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डही सोबत नेतो.

याउलट चूकही तितकीच सर्रास होते. भीतीपोटी गरजेच्या दुप्पट वॅटचा एसएमपीएस घेतला जातो आणि त्यात गेलेले पैसे खेळाच्या दर्जात कुठेच दिसत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी वॅटचा हिशेब कागदावर मांडणे आवश्यक ठरते.

एका जुन्या प्रयोगाचा धडा

दिवाणखान्यासाठी संगणक हा विचार मोठ्या प्रमाणावर मांडला तो ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने. २०१३ साली तिने ‘स्टीम मशीन’ची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ३०० नमुना-यंत्रे अमेरिकेतील निवडक खेळाडूंकडे चाचणीसाठी पाठवली. ही पेटी सुमारे ३०.५ सेंटिमीटर लांब, ३१.५ सेंटिमीटर रुंद आणि अवघी साडेसात सेंटिमीटर उंच होती. त्यांपैकी काही यंत्रांत एनव्हीडियाचे ‘टायटन’ हे त्या काळातील अव्वल कार्ड आणि इंटेलचा आय-७ ४७७० हा प्रोसेसर बसवलेला होता. तरीही सर्व यंत्रांत अंतर्गत एसएमपीएस होता तो ४५० वॅटचा, ‘८० प्लस गोल्ड’ दर्जाचा.

‘टायटन’ची कमाल गरज २५० वॅट, प्रोसेसरची ८४ वॅट, बेरीज ३३४. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांसाठी आणखी ५० वॅट धरले तरी आकडा ३८५ च्या आसपास थांबतो. उत्तम प्रतीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला हा भार झेपतो. त्याच काळात दुकानांतून अशा कार्डासाठी ६०० ते ७५० वॅटचे एसएमपीएस सुचवले जात. नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात उतरलेली स्टीम मशीन्स फारशी खपली नाहीत, हे खरे. परंतु त्यांनी दिलेला धडा आजही लागू आहे. डब्यावरील वॅटच्या आकड्यापेक्षा डब्याची प्रत अधिक महत्त्वाची असते.

हिशेब कसा मांडावा?

भिंतीतील सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकाच्या भागांना थेट चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो. यातही खेळाच्या संगणकात जवळजवळ सारा भार १२ व्होल्टच्या वाहिनीवर असतो. कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक तेथूनच वीज घेतात.

मध्यम खर्चाच्या संगणकाचे उदाहरण घेऊ. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून ओळखला जातो. मात्र पूर्ण भारात त्याला याहून काहीशी अधिक वीज घेण्याची मुभा असते. एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेते. इतर भागांचे ५० वॅट धरल्यास एकूण गरज सुमारे २५० वॅट होते. याच्या दीडपट म्हणजे ३७५. अर्थात ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस येथे पुरेसा आहे. कार्डाची उत्पादक कंपनी ५५० वॅटची शिफारस करते. ग्राहकाने कोणत्या प्रतीचा एसएमपीएस आणि किती भुकेला प्रोसेसर घेतला आहे, हे तिला ठाऊक नसल्याने ती हात राखून आकडा देते.

वरच्या श्रेणीत आरटीएक्स ४०७० चे २०० वॅट, रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरचे कमाल १६२ वॅट आणि इतर ५० मिळून सुमारे ४१० वॅट होतात. येथे ६५० वॅटचा एसएमपीएस योग्य. आरटीएक्स ४०९० सारखे कार्ड एकटेच ४५० वॅट घेते. त्यासाठी ८५० वॅटची शिफारस आहे. कपाटात ठेवायच्या चिंचोळ्या पेटीत एवढी उष्णता बाहेर काढणे हीच मोठी कसरत असते. दिवाणखान्यासाठी पहिल्या दोन श्रेणीच व्यवहार्य आहेत.

दीडपट धरण्यामागे कारण आहे. आधुनिक ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे झेप घेतात. ही झेप मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकते, तरी हलका एसएमपीएस तेवढ्यात संरक्षणासाठी बंद पडतो आणि ऐन खेळात पडदा काळा होतो. २०२२ साली इंटेलने जाहीर केलेल्या ‘एटीएक्स ३.०’ या मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट घालण्यात आली. नवा एसएमपीएस घेताना हे मानक किंवा त्यानंतरचे ३.१ हे मानक पाळलेले आहे का, ते पाहावे.

लेबल वाचण्याची सवय

एसएमपीएसच्या कडेला एक तक्ता छापलेला असतो. खरेदीदाराने दर्शनी भागावरील मोठा आकडा सोडून तो तक्ता वाचावा. ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. एखाद्या डब्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असेल आणि तक्त्यात १२ व्होल्टखाली १८ अँपिअर असतील, तर खेळासाठी उपयोगी पडणारी शक्ती फक्त २१६ वॅट आहे. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवर दाखवलेले असतात आणि आजच्या संगणकाला त्यांची फारशी गरज नसते. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३६ ते ३७ अँपिअर आढळतात.

त्याच तक्त्यात ‘इनपुट’ हा रकानाही असतो. काहींवर २०० ते २४० व्होल्ट, तर काहींवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या गावांत दुसरा प्रकार घ्यावा. तो कमी दाबातही चालत राहतो आणि वेगळ्या स्टॅबिलायझरचा खर्च वाचतो. बीआयएस नोंदणीची खूण आणि हमीचा कालावधीही पाहावा. पाच, सात किंवा दहा वर्षांची हमी असलेला एसएमपीएस दोन ग्राफिक्स कार्डांचे आयुष्य सहज पार करतो. त्यामुळे त्याचा खर्च एका संगणकावर न मांडता दोन संगणकांवर विभागून पाहावा.

‘गोल्ड’ घेतल्याने वीजबिल किती वाचते?

‘८० प्लस’ हा दर्जा २००४ पासून प्रचारात आहे. पांढरा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकापर्यंत पोहोचते आणि किती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, एवढेच हा दर्जा सांगतो. ११५ व्होल्टवरील चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के असावी लागते. आपल्याकडील २३० व्होल्टवर दोन्हींची कामगिरी किंचित सुधारते.

आता मघाचा २५० वॅटचा संगणक घेऊ. ब्राँझ एसएमपीएस भिंतीतून २९४ वॅट ओढील, गोल्ड २७८. फरक १६ वॅट. रोज दोन तास खेळ धरल्यास वर्षाचे ७३० तास होतात आणि बचत होते सुमारे १२ युनिटची. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटचा दर पाच रुपये धरला, तर वर्षाला ६० रुपये. दोन डब्यांच्या किमतीत दोन हजार रुपयांचा फरक असेल, तर तो वीजबिलातून भरून निघायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

म्हणजे गोल्ड घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. कमी वीज वाया जाते म्हणजे पेटीत कमी उष्णता साठते, पंखा सावकाश फिरतो आणि दिवाणखाना शांत राहतो. चित्रपटातील हळुवार संवाद चालू असताना कपाटातून घरघर ऐकू येऊ नये, यासाठी ही रक्कम मोजणे समर्थनीय आहे. शिवाय गोल्ड दर्जाच्या डब्यांत आतील घटक सहसा बऱ्या प्रतीचे असतात. मात्र विक्रेता ‘बिल वाचेल’ या एकाच कारणासाठी महागडा डबा पुढे करीत असेल, तर वरील गणित त्याच्यासमोर मांडावे.

खरा खर्च चालू ठेवण्याच्या सवयीत

गोल्ड एसएमपीएस असलेल्या या संगणकावर रोज दोन तास खेळल्यास महिन्याला सुमारे १७ युनिट लागतात. १०० वॅटचा टीव्ही धरला तर आणखी सहा. पाच रुपये दराने ही रक्कम ११५ रुपये होते. ४१० वॅटच्या वरच्या श्रेणीतील संगणकाला टीव्ही सोडून २७ युनिट लागतील. तुलनेसाठी, प्लेस्टेशन ५ हा कन्सोल मोठे खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट घेतो. दोन तासांच्या हिशेबाने महिन्याला १२ युनिट.

हे आकडे घाबरवणारे नाहीत. बिल फुगते ते वेगळ्याच कारणाने. दिवाणखान्यातील संगणकाकडे घरातील मंडळी टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स असल्यासारखे पाहतात आणि तो दिवसरात्र चालू राहतो. काहीही न करता चालू असलेला असा संगणक ६० वॅट घेत असेल, तर खेळाव्यतिरिक्तच्या २२ तासांचे महिन्याला जवळजवळ ४० युनिट होतात. हाच संगणक ‘स्लीप’ अवस्थेत ठेवला, तर तीन वॅटच्या हिशेबाने दोन युनिट पुरतात. फरक सुमारे ३८ युनिटचा, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजार रुपयांहून थोडा अधिक. गोल्ड एसएमपीएस तीस वर्षांत जी बचत करील, ती एका सवयीने एका वर्षात होते.

गोव्यात घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढत जातात. जास्तीचे युनिट नेहमी घराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात मोजले जातात. त्यामुळे सरासरी दर न पाहता आपल्या बिलातील शेवटच्या टप्प्याचा दर धरूनच वरील हिशेब पुन्हा करावा. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालणाऱ्या घरांत हा फरक ठळकपणे जाणवेल.

पैसे न खर्चता बचत करण्याचा आणखी एक मार्ग आहे. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवीत असेल, तर संगणकाने १२० चित्रे तयार करून उपयोग नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली की ग्राफिक्स कार्डाचा भार, उष्णता आणि पंख्याचा आवाज एकदमच उतरतात.

पावसाळा, अर्थिंग आणि आकाशातली वीज

गोव्यात वीजपुरवठ्याची खरी परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होते. वाऱ्याने माडाची झावळी किंवा झाडाची फांदी तारांवर पडते, वीज जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते. संगणकासाठी वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाचा दाबाचा झटका अधिक घातक असतो. वीज गेल्यावर लगेच भिंतीवरील बटण बंद करावे आणि पुरवठा स्थिर झाल्यावरच सुरू करावे.

गडगडाटाच्या वेळी केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढावा. दिवाणखान्यातील संगणक एचडीएमआय तारेने टीव्हीला, टीव्ही केबलच्या किंवा डिश अँटेनाच्या तारेला आणि संगणक इंटरनेटच्या तारेला जोडलेला असतो. यांपैकी छपरावरून किंवा खांबावरून येणाऱ्या कोणत्याही धातूच्या तारेवाटे झटका आत शिरू शकतो. म्हणून या ताराही सोडवून ठेवाव्यात. घरात येणारी तार फायबरची असल्यास तिच्यातून वीज येत नाही, ही जमेची बाजू.

जुन्या घरांत अर्थिंगची तपासणी संगणक घेण्यापूर्वीच वायरमनकडून करून घ्यावी. पेटीच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील, तर ते अर्थिंग नसल्याचे ठळक लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर पेटीला जोडलेले असतात; अर्थिंग नसले की त्यांच्यामुळे पेटीवर मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत दाब येऊ शकतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असल्याने केवळ मुंग्या येतात. मात्र आतले इन्सुलेशन बिघडले, तर त्या विजेला जमिनीकडे जाण्याचा मार्गच उरत नाही आणि तीच पेटी जिवावर बेतू शकते. ज्या खोलीत लहान मुले जमिनीवर बसून खेळतात, तेथे या बाबतीत चालढकल नको.

सॉकेटबाबत फार काळजीचे कारण नाही. ५०० वॅटचा संगणकही सव्वादोन अँपिअरच घेतो. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो झेपतो. अडचण होते ती एकाच स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर संगणक, टीव्ही, ध्वनियंत्रणा आणि उन्हाळ्यात कूलर असे सारे लटकवल्याने. संगणकाला शक्यतो स्वतंत्र सॉकेट द्यावे.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

यूपीएस खरेदी करताना ‘व्हीए’ आणि ‘वॅट’ यांत गल्लत होते. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. २७८ वॅटचा संगणक त्यावर चालेल. परंतु १०० वॅटचा टीव्हीही त्यालाच जोडला, तर बेरीज ३७८ होऊन वीज जाताच यूपीएसही आवाज करीत बंद पडेल. टीव्ही वेगळा ठेवावा किंवा एक हजार व्हीएच्या पुढचा यूपीएस घ्यावा. खेळाची प्रगती जतन करून संगणक नीट बंद करण्याइतकी पाच-दहा मिनिटे मिळवून देणे, एवढेच त्याचे काम आहे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्चही हिशेबात असावा.

घरात इन्व्हर्टर असेल, तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का, हे पाहावे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगल्या प्रतीचे एसएमपीएस कधीकधी गुरगुरतात किंवा बंद पडतात. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा काळही महत्त्वाचा असतो. पूर्ण भाराखाली एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंदच तग धरतो. म्हणून इन्व्हर्टरवरील बटण ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावे.

लहान पेटीची किंमत

नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ मिलिमीटर उंच आणि किमान १४० मिलिमीटर लांब असतो. लहान पेट्यांसाठीचा एसएफएक्स १२५ मिलिमीटर रुंद, साडेत्रेसष्ट मिलिमीटर उंच आणि १०० मिलिमीटर लांब असतो. तेवढेच वॅट अर्ध्याहून कमी जागेत बसवायचे असल्याने तो महाग पडतो. कपाटात दोन-चार सेंटिमीटर जास्त जागा असेल, तर एटीएक्स मावणारी पेटी घेऊन वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवणे शहाणपणाचे.

पेटी कोणतीही असो, तिला हवा हवी. कपाटाची दारे बंद ठेवून खेळू नये. आतले तापमान दर दहा अंशांनी वाढले की एसएमपीएसमधील कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी, दमट हवा आणि धूळ यांचा थर पंख्यावर लवकर बसतो. दर दोन-तीन महिन्यांनी जाळी पुसावी. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ शिल्लक असू शकतो. सुट्या ताऱ्यांचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्याच तारा नव्याला लावू नयेत. डब्याकडील टोकांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते आणि या एका चुकीने डिस्क आणि मदरबोर्ड क्षणात जळतात.

अंदाजपत्रक मांडताना प्रथम ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर ठरवावेत, त्यांच्या वॅटची बेरीज करून दीडपट काढावी आणि त्या आकड्याला पुरेल असा, १२ व्होल्टवर भरपूर अँपिअर देणारा व दीर्घ हमीचा एसएमपीएस घ्यावा. त्यापलीकडचे वॅट विकत घेण्याऐवजी तीच रक्कम अर्थिंग दुरुस्त करण्यासाठी आणि यूपीएससाठी राखून ठेवावी. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात त्या खर्चाचे मोल कळते.